व्यायामाआधी कॅफिन : भावाचे माप बहिणीला नको



गेल्या महिन्यात माझी नात जिममधून अर्ध्यातच घरी आली. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. मी तिला बसवले आणि नाडी मोजली. मिनिटाला ११८! "आजी, दादाची पावडर घेतली, फक्त एक माप," ती म्हणाली. डबा मागवून पाहिला, तर एका मापात ३०० मिलिग्रॅम कॅफिन. नातू ८० किलोचा, नात ५२ किलोची. माप मात्र दोघांना एकच.

आपल्या चहा-कॉफीत असते तेच हे कॅफिन. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि थकवा जाणवतो. कॅफिन त्याची जागा अडवून बसते. नर्सिंग शिकताना रात्रपाळीला आम्ही कडक चहा घेत असू, तो याचसाठी. थकवा जात नसे, फक्त कळत नसे.

वजने उचलणाऱ्यांना कॅफिनचा फायदा होतो, हे खरे आहे. जोर थोडा वाढतो, तेच वजन एक-दोन वेळा जास्त उचलता येते. पण फायदा थोडाच. स्नायू वाढतात ते नियमित व्यायामाने, पुरेशा प्रथिनांनी आणि झोपेने. सुरुवातीचे बहुतेक प्रयोग तरुण पुरुषांवर झाले. पुढे स्त्रियांवर झाले, तेव्हा त्यांनाही फायदा दिसला. मग काळजी कसली? मापाची.

प्रयोगांत कॅफिन शरीराच्या वजनावर मोजून देतात : किलोमागे साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम, व्यायामाआधी तासभर. ३ मिलिग्रॅमने नातीचा हिशेब १५६ होतो. तिने घेतले जवळजवळ दुप्पट, शिवाय सकाळची कॉफी वेगळीच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते निरोगी प्रौढाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे नातवालाही ते माप जास्तच. गरोदर बाईने दिवसभरात २०० च्या वर जाऊ नये.

मुलींनो, आणखी एक गोष्ट, लाजू नका. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी जिमला जाताना घेतलेले कॅफिन मग रात्रभर झोपू देत नाही. झोप गेली की दुसऱ्या दिवशी जोरही गेला.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• डब्यावरचे मिलिग्रॅम वाचा, दिवसभरातला चहा-कॉफी त्यात धरा.
• कमी मापाने सुरुवात करा, संध्याकाळी टाळा.
• रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• शुद्ध कॅफिनची सुटी पावडर घरात आणूच नका. तिचा एक चमचा जिवावर बेतू शकतो.
• छातीत दुखले, ठोके अनियमित झाले किंवा शुद्ध हरपली, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.

नातीची नाडी रात्रीपर्यंत ताळ्यावर आली. आता ती जिमला जाण्याआधी एक कप कॉफी पिते, तेवढीच. पावडरचा डबा माझ्या कपाटात आहे. नातवाला हवा असेल, तर त्याने आधी माझ्यासमोर हिशेब करून दाखवावा!