रानहळदीची ओळख

श्रावणात मावळात जाणारा पुणेकर धबधबे पाहतो, गरम भजी खातो आणि परततो. पायाशी काय उमलले आहे, हे पाहायला त्याला सवड नसते. इंदुरीहून इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याच्या अंगाला जावे तसा पाऊस वाढत जातो आणि डोंगरउतारावरच्या ओल्या गवतात हळदीसारखी रुंद पाने दिसू लागतात. "ही हळदच ना?" असे कुणीतरी विचारतेच. हळद नव्हे, ही तिची रानातली बहीण, रानहळद.

ओळख सोपी आहे. पानांच्या मधून किंवा शेजारून एक जाडसर कणीस वर आलेले असते. त्याच्या वरचा गुलाबी-जांभळा तुरा पाहून आपण त्यालाच फूल समजतो. ती असतात रंगीत पाने. खरी फुले खाली, हिरव्या खोलगट पानांच्या आडून डोकावतात, पिवळीधमक!

फुले पांढरी असली, वर रंगीत तुरा नसला आणि कणीस पानांच्या उंच दांड्याच्या शेंड्यावर असले, तर तो चवर. कास आणि महाबळेश्वरच्या पठारांवर त्याचे ताटवे फुलतात. त्याच्या कंदापासून आरारूटसारखे सत्त्व निघते.

गंमत अशी, की या दोघांनाही शास्त्रीय नाव देणारा माणूस एकच, जॉन ग्रॅहम. हे गृहस्थ मुंबईच्या टपालखात्यात अधिकारी होते! मुंबई परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची १८३९ साली निघाली आणि त्याच वर्षी, ऐन तारुण्यात, ते खंडाळ्याला वारले. सूचीचे उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पुरे केले. सरकारी नोकरी सांभाळून माणूस केवढे काम करून जातो!

पावसाळा सरला की ही पाने वाळतात आणि माळ उघडा पडतो. बँकेत असताना सातबाऱ्याचे अनेक उतारे नजरेखालून गेले. लागवडीला निरुपयोगी जमिनीला त्यावर 'पोटखराबा' म्हणतात. उन्हाळ्यात प्लॉट पाहायला येणाऱ्यालाही तिथे काही दिसत नाही. दिसणार कसे? सारा संसार मातीखाली, कंदात निजलेला असतो. फूल खुडले तर कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलेल. पण सपाटीकरणाचा जेसीबी फिरला, की कंदच जातो आणि पाऊस रिकाम्या मातीवर पडतो.

म्हणून या पावसाळ्यात मुलांना रानहळद दाखवा. उपटून घरी आणू नका. जागा तेवढी ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात त्याच वाटेने गेलात, तर "इथे काही नाही" असे तुमची मुले तरी म्हणणार नाहीत.