अणुकोठार आणि प्राध्यापकांची मसलत

प्राध्यापकांचें आणि तोफखान्याचें नातें काय, असें घरांतील वडील मंडळींना कोणीं विचारलें तर त्यांना हंसूंच येईल. विद्वानांनीं शिकवावें, ग्रंथ लिहावेत. राज्याच्या संरक्षणाची चिंता सेनापतींनीं व मुत्सद्द्यांनीं वाहावी, अशी कामाची वांटणी आपल्या मनांत पक्की बसलेली असते. अमेरिकेंत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ही वांटणी पुष्कळच सैल झाली. तेथील कित्येक विद्यापीठें राष्ट्रसंरक्षणाचाच विचार करणारीं अभ्यासकेंद्रें चालवितात. या केंद्रांच्या हातून खरोखर कांहीं घडतें, कीं नुसत्या अहवालांनीं कपाटें भरतात? शंका रास्त आहे. पुष्कळसे अहवाल कपाटांतच धूळ खात पडतात. तथापि १९९१ सालीं अशा एका केंद्राच्या हातून जें कार्य झालें, तें विस्तारानें सांगण्यासारखें आहे.

हें केंद्र हार्वर्ड विद्यापीठाचें. पॉल डोटी नांवाच्या जीवरसायनशास्त्रज्ञानें १९७३ सालीं त्याचा पाया घातला. आज तें बेल्फर केंद्र या नांवानें ओळखलें जातें. अणुबाँब ही शास्त्रज्ञांचीच निर्मिति असल्यामुळें त्याची चिंता राजकारणी पुरुषांवर सोंपवून मोकळें होणें शास्त्रज्ञांना शोभत नाहीं, ही त्यामागील भूमिका. १९९१ सालीं केंद्राचे संचालक होते ॲश्टन कार्टर. हे गृहस्थ मूळचे पदार्थविज्ञानाचे. परंतु येल येथें त्यांनीं त्याच्या जोडीला मध्ययुगीन इतिहासाचाही अभ्यास केलेला होता.

त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मॉस्कोंत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट झाला व ते क्रिमियांतील आपल्या विश्रामगृहांत तीन दिवस अडकून पडले. कट फसला, पण सोव्हिएट संघराज्याचा पाया खचल्याचें सर्वांस दिसून आलें. या राज्यापाशीं सुमारें ३० हजार अणुशस्त्रें होतीं. एखादें एकत्र कुटुंब फुटलें म्हणजे भांडींकुंडीं, दागदागिने, जमीनजुमला यांची वांटणी होते. कोणी रुसतो, कोणी कज्जा करतो, पण अखेर न्यायालय असतें. येथें वांटणींत अणुबाँब होते, आणि न्यायालय कोठेंच नव्हतें! एकट्या युक्रेनच्या भूमीवर दूर पल्ल्याच्या अस्त्रांचे सुमारें १९०० स्फोटकाग्र होते. कझाकस्तानांत सुमारें १४००. बेलारूसमध्येंही कांहीं होतेच.

कार्टर व त्यांचे तिघे सहकारी, कँपबेल, मिलर व झ्राकेट, यांनीं नोव्हेंबरांत या विषयावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य मुद्दा ऐकावयास साधा, पण त्या वेळीं अगदीं नवा होता. चाळीस वर्षें अमेरिकेला शत्रूच्या बळाची भीति वाटत आली होती. यापुढें भीति बाळगावयाची ती त्याच्या दुर्बलतेची. राज्यच उरलें नाहीं तर किल्ल्या कोणाच्या हातीं? पहारेकऱ्यांना पगार कोण देणार? उपाशी शास्त्रज्ञ आपली विद्या कोणास विकतील? तेव्हां या शस्त्रांचा बंदोबस्त करण्यास अमेरिकेनें स्वतःच मदत करावी, असा त्यांचा आग्रह.

परंतु जन्माच्या वैऱ्याला पैसा द्या, असें मतदारांपुढें सांगणार कोण? सिनेटर सॅम नन यांनीं त्याच सुमारास मांडलेली मदतीची एक योजना विरोधामुळें मागें घ्यावी लागली होती. येथेंच कार्नेगी निधीचे अध्यक्ष डेव्हिड हँबर्ग उपयोगीं पडले. १९ नोव्हेंबर रोजीं नन यांच्या कचेरींत ते स्वतः, विरुद्ध पक्षाचे सिनेटर लुगर, कार्टर आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतून आलेले विल्यम पेरी एकत्र बसले. दोनच दिवसांनीं सकाळच्या फराळास बोलाविलेल्या सिनेटरांपुढें कार्टर यांनीं प्रबंधाचें सार मांडलें. २५ तारखेस सिनेटनें ८६ विरुद्ध ८ मतांनीं मदतीस संमति दिली! १२ डिसेंबर रोजीं अध्यक्ष बुश यांनीं कायद्यावर सही केली; खर्चाची मर्यादा ४० कोटी डॉलर, तीही संरक्षणखात्याच्या पैशांतूनच. पंडितांचें वाक्चातुर्य एवढेंच याचें कारण मानणें भोळेपणाचें होईल. मॉस्कोंतील बातम्यांनीं मनें आधींच हादरलेलीं होतीं. प्रबंध मात्र नेमक्या त्या घटकेस तयार होता.

१९९३ सालीं पेरी व कार्टर दोघेही संरक्षणखात्यांत अधिकारावर गेले. जी योजना कागदावर सुचविली, ती अंमलांत आणण्याचें काम त्यांच्याच गळ्यांत पडलें. विद्यापीठांतून सरकारांत व सरकारांतून पुन्हां विद्यापीठांत, ही ये-जा अमेरिकेंत नित्याची आहे. तिच्यांत धोकाही आहे: उद्यां अधिकारपदाची आशा असलेला पंडित आज सरकारला कडू सत्य सांगेलच असें नाहीं. या प्रसंगीं तरी ती फळास आली. १९९६ च्या जूनपर्यंत युक्रेनमधील शेवटचा स्फोटकाग्रही रशियांत रवाना झाला, आणि पेर्व्होमाइस्क येथें क्षेपणास्त्रांच्या जागीं अमेरिका, रशिया व युक्रेन यांच्या संरक्षणमंत्र्यांनीं सूर्यफुलें लाविलीं.

पुढील हकीकत इतकी गोड नाहीं. शस्त्रें सोडण्याच्या मोबदल्यांत युक्रेनला १९९४ च्या डिसेंबरांत बुडापेस्ट येथें त्याच्या सीमा अबाधित राहण्याचें आश्वासन मिळालें. त्यावर रशियाचीही सही होती. २०१४ सालीं रशियानें क्रिमिया गिळला आणि २०२२ सालीं उघड आक्रमण केलें. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक मीअरशायमर यांनीं १९९३ सालींच लिहिलें होतें कीं, युक्रेननें अणुशस्त्रें सोडूं नयेत. त्याच मासिकाच्या त्याच अंकांत हार्वर्डच्या मिलर यांनीं उलट बाजू मांडली होती. सरकारनें मिलर यांचा मार्ग धरला. २०२२ नंतर मात्र शिकागोच्या त्या लेखाची आठवण पुष्कळांना झाली. आम्हांस त्या काळापुरतें मिलर यांचेंच म्हणणें अधिक सयुक्तिक वाटतें. कारण अस्त्रें युक्रेनच्या भूमीवर असलीं तरी तीं सोडण्याचे गुप्त संकेत मॉस्कोच्या हातीं होते. पण ज्या मातेचा मुलगा खारकोव्हच्या आघाडीवर पडला, तिला हा युक्तिवाद कोणत्या तोंडानें सांगावा, तें आम्हांस सुचत नाहीं.