शील कुणाचे आणि कशाचे?

दर वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर लोक मोठ्या संख्येने येतात. पैठणीच्या या गावात १९३५ साली याच तारखेला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. पुष्कळांना वाटते की धर्मांतर येवल्यातच झाले. तसे नाही. कोणता धर्म स्वीकारणार, हेही त्या दिवशी त्यांनी सांगितले नव्हते. बौद्ध धम्माची दीक्षा झाली ती नागपूरला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. माणसाची किंमत जन्मावरून नव्हे, तर वागण्यावरून ठरवणारा धर्म त्यांना हवा होता. तसे वागणे ज्या शब्दात मावते तो शब्द शील, आणि नेमका त्याच शब्दाभोवती गैरसमजांचा ढीग साचला आहे.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज हा, की शील बाईचे असते. ‘शील जपणे’, ‘शीलभ्रष्ट’ हे शब्द आपल्याकडे तिच्यासाठीच राखून ठेवलेले. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा मराठी वाचकाला इतका सवयीचा झाला आहे, की त्यात मेलेल्या बाईचीच चौकशी चालू आहे हे जाणवतही नाही. पुरुष चारित्र्यवान म्हटला की आपण त्याचा प्रामाणिकपणा, शब्दाला जागणे, पैशाचा चोख व्यवहार आठवतो. बाईच्या बाबतीत मात्र तोच शब्द एका अंथरुणापुरता उरतो. इंग्रजीतही असेच घडले. ‘व्हर्च्यू’ हा शब्द लॅटिनमधल्या पुरुषवाचक शब्दापासून आला. मूळ अर्थ मर्दपणा, शौर्य. पुढे त्यात सगळे सद्गुण आले, औषधाचा गुणही आला. पण बाईचे ‘व्हर्च्यू’ म्हटले की रोजच्या बोलण्यात फक्त तिचे कौमार्य किंवा पातिव्रत्य.

या संकुचित अर्थाची किंमत बायकांनी न्यायालयातही मोजली. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री ‘अनैतिक चारित्र्याची’ आहे असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा भारतीय पुरावा कायद्यात होती. ती तरतूद २००२च्या दुरुस्तीने काढून टाकली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदी भाषेविषयी एक पुस्तिका काढली. ‘शीलवती स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगाऐवजी निव्वळ ‘स्त्री’ म्हणा, असे तिच्यात सुचवले आहे. मला ही सूचना फार मोलाची वाटते.

बौद्ध परंपरेत शीलाला असा लिंगभेद नाही. पंचशीलातील कामविषयक गैरवर्तन टाळण्याचे शील पुरुषालाही तितकेच लागू आहे. नागपूरच्या दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती तिथे स्त्री-पुरुषांनी एकत्र उच्चारली. शिवाय पाचांपैकी हे एकच. बाकीची चार हिंसा, चोरी, खोटे बोलणे आणि नशा यांपासून दूर राहण्याची. वजनात मारणारा दुकानदार आणि खोटी साक्ष देणारा प्रतिष्ठित माणूस, दोघेही शील मोडतात. गावात त्यांना शीलभ्रष्ट मात्र कुणी म्हणत नाही.

पंचशील म्हणजे वरून आलेल्या पाच आज्ञा, असेही काहींना वाटते. मूळ पाली वचनांत आज्ञा कुठेच नाही; ‘मी हे व्रत घेतो’ असे माणूस स्वतःच म्हणतो. (भारत-चीन यांच्यातील १९५४च्या कराराचे पंचशील निराळे, नाव सारखे, विषय परराष्ट्रनीतीचा.)

शील आणि पुण्य यांचीही गल्लत होते. रोजच्या बोलण्यात पुण्य जोडायचे असते, गाठीला बांधायचे असते. तीर्थयात्रा केली, अन्नदान केले की त्यात भर पडते. तुकोबांनी पुण्य परोपकाराशी जोडले, तरी व्यवहारात हा हिशेबच पुढे राहिला. शिलकीतून खर्च करावे असे शीलाचे काही नसते. सकाळी दान केले म्हणून संध्याकाळी फसवणुकीची सूट मिळत नाही.

आणखी एक समजूत मला घातक वाटते: शीलवान म्हणजे गरीब स्वभावाचा, सोसणारा. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात सद्गुणांच्या मार्गाचे दहा गुण दिले आहेत. त्यांत शील पहिले. दान, क्षांती, करुणा, मैत्री आहेत आणि त्यांच्याच पंगतीला वीर्य, म्हणजे हाती घेतलेले काम नेटाने तडीला नेणे, आणि अधिष्ठान, म्हणजे ठाम निर्धार. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. दगड खाऊनही लोक मागे हटले नाहीत. या चिकाटीला शीलाबाहेर ठेवता येणार नाही. दार उघडत नाही हे कळल्यावर येवल्यात वाट बदलली, तीही त्याच निर्धाराने.

विद्या, स्वाभिमान आणि शील ही आपली तीन उपास्य दैवते असल्याचे बाबासाहेब सांगत. विद्येचे महत्त्व आपण मुलांच्या मनावर रोज बिंबवतो. शीलाचे शिकवायचे असेल तर मुलगा आणि मुलगी यांना एकच माप लावा. आणि वृत्तपत्रांत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींना विनंती: पुढच्या वेळी ती बातमी आली तर मथळ्यातून तिचे ‘चारित्र्य’ काढा आणि लिहा, ‘संशयी पतीकडून पत्नीचा खून’.