हाक पाच सेकंद उशिरा

सात वर्षांचा मुलगा. वर्गात मध्येच 'हरवतो', लिहिता लिहिता पेन्सिल थांबते, अशी बाईंची तक्रार. आईला वाटायचं, अभ्यासाचा कंटाळा. वडिलांच्या मते सगळी नाटकं. अशा आईवडिलांना आम्ही ओपीडीत नेहमी सांगतो, की पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा. या माउलीने आणखी डोकं चालवलं. संध्याकाळी मुलगा शुद्धलेखन लिहायला बसला, तेव्हा तिने मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून रेकॉर्डिंग सुरूच करून ठेवलं. पाचव्या मिनिटाला हवं ते सापडलं.

तो व्हिडिओ विभागातल्या जुन्या संगणकावर उघडेना. निवासी डॉक्टरने कुठल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरने त्याचा फॉरमॅट बदलला आणि सकाळच्या चर्चेत तो सगळ्यांना दाखवला. पडद्यावर मुलगा आठेक सेकंद एकटक बघत राहिला, मग मान खाली घालून लिहू लागला. त्यानंतर आईच्या दोन हाका ऐकू आल्या. त्याने वर पाहिलं नाही. "सर, आधी विचारात पडला होता, आता लिहिण्यात गुंग आहे. हे काही फिटसारखं वाटत नाही," एक जण म्हणाला. पडद्यावर जे दिसत होतं त्यावरून त्याचं काही चुकलं नव्हतं. मलाही तसंच वाटलं.

"पण डॉक्टर, मी हाका मारल्या तेव्हा तो नुसता बघत होता," आई ओपीडीत ठामपणे सांगत होती. शेवटी तिचाच मोबाइल मागून घेतला. मूळ व्हिडिओत दोन्ही हाका त्या आठ सेकंदांच्या आतच होत्या. पापण्या किंचित फडफडत होत्या, पण मुलगा जागेवर असून नसल्यासारखा होता.

सगळं निदान या फरकावर उभं असतं. तंद्री लागलेलं मूल दोन हाकांत नाही तर खांद्याला हात लावल्यावर भानावर येतं. 'अ‍ॅबसेन्स' प्रकारच्या फिटमध्ये मात्र ते तेवढे सेकंद उत्तर देऊच शकत नाही. ना पडणं, ना हातपाय झाडणं, ना तोंडाला फेस. फिट अचानक सुरू होते, अचानक संपते आणि मूल जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढचा शब्द लिहितं. दिवसातून कितीतरी वेळा असं होऊ शकतं आणि दरवेळी मुलाला 'लक्ष कुठंय तुझं?' असं ऐकून घ्यावं लागतं.

मग हाका सरकल्या कशा? व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं, म्हणजेच फ्रेम. मोबाइल सहसा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, पण प्रकाश कमी पडला किंवा फोनवर ताण आला तर तो काही वेळ कमी फ्रेम घेतो. आवाज मात्र एकाच गतीने नोंदला जातो. मूळ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, त्यामुळे फोनवर सगळं जुळतं. काही सॉफ्टवेअर मात्र या वेळा बघत नाहीत आणि सरसकट सेकंदाला ३० धरून चालतात. सरासरी २९.५ फ्रेम असतील, तर ३०० सेकंदांत ८,८५० फ्रेम होतात. त्या ३०च्या गतीने दाखवल्या की २९५ सेकंदांतच संपतात. चित्र पाच सेकंद पुढे गेलं, आवाज जागेवरच राहिला. हाक उशिरा ऐकू आली, ती अशी.

इतके डॉक्टर बसलेले असताना हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? कारण बोलणारी आई चौकटीत नव्हती. तिचे ओठ दिसले असते, तर पाच सेकंद सोडाच, सेकंदाच्या पावभागाची गफलतही आम्हाला खटकली असती. टीव्हीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेल्या मर्यादेनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. आवाज मागे राहिलेला आपण जास्त खपवून घेतो, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. निसर्गात तो मागेच असतो. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर. ३४ मीटर लांब नदीकाठी कुणी धुणं आपटत असेल, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मेंदूला याची सवय आहे. आवाज आधी आणि ओठ नंतर, हे मात्र त्याने कधी पाहिलेलं नसतं.

आपण डोळ्यांनीही ऐकतो. १९७६मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी 'बा' हा आवाज 'गा' म्हणणाऱ्या ओठांवर बसवला, तर अनेकांना 'डा' ऐकू आलं. ऐकू कमी येणारे आजी-आजोबा टीव्हीसमोर नकळत ओठ वाचत असतात. जुन्या लग्नाची कॅसेट मोबाइलवर आणून दिली आणि ते "काही कळत नाही रे" म्हणाले, तर आधी आवाज जुळतोय का ते बघा, कानाच्या मशीनला दोष नंतर द्या.

तपासायला सोपं आहे. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे बघायचं. फरक दोन्हीकडे सारखाच असेल, तर आवाज नुसता सरकलाय. व्हीएलसी प्लेअरमध्ये विंडोज संगणकावर 'के' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, 'जे' दाबलं की तेवढाच पुढे येतो. मूळ फाइल त्याने बदलत नाही. ब्लूटूथ इअरफोन असेल तर तो आधी काढा, बऱ्याचदा उशीर तिथेच होतो. फरक वाढत जात असेल, तर मात्र सरकवून भागत नाही, कारण एकीकडे जुळवलं की दुसरीकडे बिघडतं. मग मूळ फाइलकडे जाऊन पुन्हा कन्व्हर्ट करायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडायचा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो व्हिडिओच्या टॅबवरच आहे. आमच्या निवासी डॉक्टरने तेच केलं आणि पाचव्या मिनिटाच्या हाका जागेवर आल्या. मूळच डिलीट केलं असेल, तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ताणून किंवा आवळून बघावा लागतो, पण फ्रेम सगळीकडे सारख्या गळलेल्या नसतात, त्यामुळे मध्येच कुठेतरी चुकतंच.

म्हणून आता व्हिडिओ आणायला सांगताना मी दोन वाक्यं जास्त बोलतो. एक, मूळ व्हिडिओ फोनमधून काढू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. दोन, रेकॉर्डिंग सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, बंद करण्याआधी आणखी एक. सिनेमावाले शूटिंगच्या आधी पाटी आपटतात ती याचसाठी. हात भिडलेले दिसतात आणि आवाजही तेव्हाच यायला हवा. बाकी नेहमीचंच आहे. खोलीत दिवा लावा, मुलाचा चेहरा आणि हात दिसू द्या, हाक मारा, स्पर्श करा. पहिली काळजी मात्र मुलाची, मोबाइलची नंतर.

त्या मुलाला त्याच दिवशी कागदी भिरभिऱ्यावर तीन मिनिटं फुंकर मारायला लावली. जोरजोरात श्वास घेतला की ही फिट बऱ्याचदा आपणहून समोर येते. दोन मिनिटं होतात न होतात तोच भिरभिरं थांबलं. ईईजीमध्ये सेकंदाला तीन या वेगाने येणाऱ्या ठरावीक लाटा दिसल्या आणि औषध सुरू झालं.

महिन्याभराने आई नवा व्हिडिओ घेऊन आली. सुरुवातीला टाळी, शेवटी टाळी आणि मधली वीस मिनिटं मुलगा पाढे लिहीत होता. चौथ्या मिनिटाला आईने हाक मारली. "काय गं सारखं!" तो वर न बघताच म्हणाला.