पोरसाचे हत्ती आणि तीन नियमावल्या

इ. स. पूर्वीं ३२६ या वर्षीं वितस्तेच्या, म्हणजे हल्लीं पाकिस्तानांत असलेल्या झेलम नदीच्या कांठीं पोरस राजा आणि मॅसिडोनियाचा शिकंदर यांची गांठ पडली. लढाई शिकंदरानें जिंकली, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. ती त्यानें कां जिंकली असें विचारलें म्हणजे मात्र उत्तरें निरनिराळीं येतात. कोणी म्हणतो, पोरसाचे हत्ती उलटले. कोणी म्हणतो, पावसाच्या चिखलांत रथ रुतले. कोणी शिकंदराच्या घोडदळाची थोरवी गातो. या उत्तरांची पारख करण्याची एक रीत अशी आहे कीं, तीच लढाई टेबलावर पुन्हा मांडावी, आणि एकदांच नव्हे, तर निरनिराळ्या नियमांनीं मांडावी. गेल्या सुट्टींत आम्ही दोघां मित्रांनीं हा उद्योग केला. त्यांत काय आढळलें तें वाचकांस सादर करितों.

लुटुपुटीचें युद्ध आपणांस नवें नाहीं. आपलें बुद्धिबळ ज्या चतुरंगापासून निघालें, त्यांत हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें होतीं, आणि पोरसाच्या सैन्यांतही नेमकीं हींच चार होतीं. परंतु बुद्धिबळांतील हत्ती कधीं बिथरत नाहीं, आणि प्याद्यास कधीं भय वाटत नाहीं. हें वैगुण्य काढण्याचा प्रयत्न प्रशियांतील राइस्विट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८२४ सालीं केला. त्यानें नकाशावर सैन्यें मांडून फांशांच्या साह्यानें दैवास खेळांत स्थान दिलें. एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून तो खेळ शिशाच्या खेळण्यांतील शिपायांनीं घरच्या जमिनीवर खेळावयास शिकविलें. पुढें प्राचीन लढायांसाठीं स्वतंत्र नियम निघाले. इंग्लंडांत १९६५ सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ एन्शन्ट्स’ या मंडळाचे सभासद एक दिवस ठरवून एकच प्राचीन लढाई अनेक नियमावल्यांनीं खेळतात. आमची कल्पना त्यांच्यापासूनच उसनी घेतलेली आहे. शिशाचे शिपाई आमच्यापाशीं नव्हते; पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर चित्रें काढलीं.

पहिली अडचण नियमांची नव्हती, मोजदादीची होती. या लढाईचा सर्वांत विश्वसनीय वृत्तांत एरियन याचा मानितात, आणि तोही लढाईनंतर सुमारें साडेचारशें वर्षांनीं लिहिलेला. त्याच्या मतें पोरसापाशीं ३०,००० पायदळ, ४,००० घोडदळ, ३०० रथ व २०० हत्ती होते, आणि दोन हत्तींमध्यें निदान शंभर फूट अंतर होतें. आतां गुणाकार करून पाहावा. हत्तींची रांगच वीस हजार फूट, म्हणजे जवळजवळ चार मैल होते! शंभर फुटांस एक इंच असें प्रमाण धरिलें तरी साडेसोळा फुटांहून लांब टेबल पाहिजे. शिवाय दर शिपायास तीन फूट जागा दिली, तर तीस हजार पायदळ या रांगेमागें चार-पांच माणसांच्याच जाडीचें उभें राहातें. कर्टियस हत्ती ८५ च सांगतो. तो आंकडा धरिल्यास तेंच पायदळ दहा जणांच्या जाडीचें होतें, आणि लढाईचें रूपच पालटतें. एकही फांसा टाकण्यापूर्वीं अर्धा निकाल आपण असा लावून बसतों. आम्हीं कर्टियसाचे ८५ हत्ती घेतले. खरें कारण टेबल, हें कबूल केलें पाहिजे.

एरियनाचा वृत्तांत थोडक्यांत असा. शिकंदरानें क्रेटेरस या सेनापतीस समोरच्या छावणींत ठेवून, रात्रीं वादळ चालू असतां, तेथून सुमारें सतरा मैलांवर नदी ओलांडली. पोरसानें पुत्रास रथ देऊन पुढें पाठविलें. रथ चिखलांत निरुपयोगी झाले व पुत्र पडला. मुख्य लढाईंत शिकंदर पोरसाच्या डाव्या बाजूवर चालून गेला आणि सीनस या सरदारास त्यानें दुसऱ्या बाजूनें फिरवून हिंदी घोडदळाच्या पाठीवर घातलें. घोडदळ हत्तींच्या आश्रयास मागें हटलें. दाटी झाली, माहूत पडले, आणि जखमी हत्ती शत्रु-मित्र न पाहतां तुडवूं लागले. पोरस मात्र आपल्या हत्तीवरून शेवटपर्यंत लढला.

पहिल्या दिवशीं आम्हीं ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ही १९९० ची नियमावली घेतली. हींत दोन्ही पक्षांस बाराच तुकड्या असतात. दर पाळीस एक फांसा टाकावयाचा व पडेल त्या दानाइतक्याच हालचाली करावयाच्या. मी पोरस झालों. मित्रास एकामागून एक असें तीनदां एकाचें दान पडलें, आणि त्याचा सीनस जागचा हालेना. मित्र अधीर झाला व निवडक घोडदळ घेऊन सरळ हत्तींवर आला. या नियमांत असें घोडदळ हत्तींपुढें हरलें तर तें नुसतें मागें सरत नाहीं, पटावरून उठतें. घटकाभरांत शिकंदर चार तुकड्या गमावून पराभूत झाला.

दुसऱ्या दिवशीं रिचर्ड बोर्ग यांची २००६ मधील ‘कमांड्स अँड कलर्स’ ही पद्धति घेतली. हींत आज्ञा पत्त्यांवर छापलेल्या असतात, आणि डावी बाजू, मध्य किंवा उजवी बाजू यांपैकीं पत्ता सांगेल तीच हालवावयाची. हत्तीचा मार समोरच्या तुकडीच्या बळावर ठरतो. परंतु त्यास मागें हटावें लागलें तर तो उधळतो व शेजारच्या सर्वांस, स्वकीयांसही, इजा करितो. एरियनाच्या वृत्तांताप्रमाणें मीं हत्ती पायदळाच्या रांगेपुढेंच ठेविले होते. एक हत्ती उलटला आणि माझ्याच दोन तुकड्या खिळखिळ्या झाल्या. मित्रानें त्या दिवशीं फारसें कांहीं न करितांच लढाई जिंकली.

तिसरा दिवस फिलिप सॅबिन या लंडनच्या प्राध्यापकांच्या ‘लॉस्ट बॅटल्स’ (२००७) या ग्रंथाचा. येथें रणभूमीचे वीस चौकोन असतात, आणि दुर्बळ पक्षास कांहीं गुण आधींच दिलेले असतात. त्यामुळें मैदान गमावूनही डाव जिंकतां येतो. तसेंच झालें: पोरस हरला आणि मी जिंकलों. माझ्या अभिमानास हें मानवलें, तरी मन शांत होईना. सैन्याचें बळ किती धरावयाचें हें शेवटीं इतिहासांतील निकालावरूनच उलट मोजीत यावें लागतें, आणि तो निकाल तरी कोणाच्या तोंडचा? एरियन म्हणतो, शिकंदराचें पायदळ सुमारें ८० पडलें; डायोडोरस म्हणतो, सातशेंहून अधिक. पोरसाच्या बाजूची एक ओळही उपलब्ध नाहीं. हिंदी शिपायांचें धैर्य केव्हां खचतें याचा नियम शत्रूच्याच बखरींवरून बांधलेला आहे.

तिन्ही नियमावल्यांचे कर्ते जाणते आहेत. कोणी लबाडी केलेली नाहीं. एकानें सेनापतीची आज्ञा पोंचण्यांतील अडचण मुख्य मानली, दुसऱ्यानें हत्तींचा स्वभाव, तिसऱ्यानें सैन्यांच्या कसांतील अंतर. मला स्वतःला दुसऱ्याचें चित्र अधिक खरें वाटतें, कारण दाटींत सांपडलेल्या हिंदी सैन्यासच हत्तींचा अधिक उपद्रव झाला, असें एरियन स्पष्ट सांगतो. तरी त्या रात्रीचा पाऊस तिन्ही डावांत आम्ही विसरलों होतों. निसरड्या जमिनीवर मोठीं धनुष्यें टेंकतां येईनात, असें कर्टियस लिहितो. म्हणून चौथ्या दिवशीं पहिलीच नियमावली घेऊन आम्हीं पदरची एक भर घातली: हिंदी धनुर्धरांनीं पहिल्या तीन पाळ्या बाण सोडूं नये, व रथांनीं अर्धीच चाल करावी. बाण नसल्यामुळें शिकंदराचे हलके भालाईत निर्धास्तपणें हत्तींना येऊन भिडले. त्यांच्याकडून हरलेला हत्ती या नियमांत मरतोच. पहिल्या दिवशीं जिंकलेला माझा पोरस त्याच नियमांनीं, त्याच टेबलावर, पांचव्या पाळीस हरला.

आतां एरियनाचे २०० हत्ती मांडून पाहावयाचे आहेत. त्यासाठीं टेबल सोडून व्हरांड्याच्या फरशीवर खडूनें रेघा आंखल्या आहेत, आणि उरलेले एकशें पंधरा हत्ती कापण्याचें काम चालू आहे.