डोंबिवलीची लेक, घराघरातली जान्हवी

2013च्या जुलैमध्ये झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली, तेव्हा तेजश्री प्रधान हे नाव प्रेक्षकांना अगदीच नवे नव्हते. तरीही पुढच्या काही महिन्यांत तिला तिच्या नावाने कोणी हाक मारेनासे झाले. ती जान्हवी झाली. सावत्र आईचा जाच सोसणारी, वडिलांवर जीव टाकणारी, आणि लग्नानंतर एक नव्हे तर सहा सासवांच्या घरात पाऊल ठेवणारी जान्हवी. नायक श्रीला उद्देशून तिच्या तोंडी येणारे ‘काहीही हं श्री’ हे वाक्य तर कॉलेजच्या कट्ट्यापासून भाजीच्या गाडीपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागले. लेखकाने कागदावर उतरवलेले साधे वाक्य लोकांच्या जिभेवर जाऊन बसते, ते नटाच्या किंवा नटीच्या सुरामुळे. तो लाडिक, थोडासा वैतागलेला आणि तरीही मायेचा सूर तेजश्रीचा होता.

ही तेजश्री डोंबिवलीची. 2 जून 1988 हा तिचा जन्मदिवस. डोंबिवलीत वाढलेल्या मुलाला नाटक-सिनेमाचे वेड लागणे यात नवल काही नाही. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा 1999मध्ये याच गावाने सुरू केली, दिवाळीच्या पहाटे फडके रोड तरुणाईने फुलून जातो, आणि 2017मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरले. सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, ठाण्यात 1978पासून गडकरी रंगायतन आहे. अडचण असते ती अंतराची. चित्रीकरणाची जुनी केंद्रे मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, आणि डोंबिवली मध्य रेल्वेवर. इथल्या होतकरू कलाकाराला ऑडिशनसाठीसुद्धा गर्दीच्या लोकलमधून दादर गाठावे लागते आणि तिथून गाडी बदलून पुढे जावे लागते. आता घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मराठी मालिकांचे बरेच सेट उभे राहिले आहेत, त्यामुळे ठाणे-कल्याणच्या कलाकारांची आणि तंत्रज्ञांचीही थोडी सोय झाली आहे.

‘ह्या गोजिरवाण्या घरात’, ‘लेक लाडकी ह्या घरची’ अशा मालिकांतून तेजश्रीने कॅमेऱ्याची ओळख करून घेतली. 2010मध्ये अवधूत गुप्ते यांच्या ‘झेंडा’मधून ती मोठ्या पडद्यावर आली. 2013च्या ‘लग्न पहावे करून’मध्येही ती होती. पण तिला घराघरात नेले ते जान्हवीनेच.

मालिकेतल्या कामाला आपल्याकडे दुय्यम समजण्याची खोड आहे, म्हणून थोडा हिशेब मांडायला हवा. ‘होणार सून’ जुलै 2013 ते जानेवारी 2016 अशी अडीच वर्षे चालली. आठवड्याला सहा भाग धरले तरी आकडा सातशेच्या पुढे जातो. जाहिराती वगळून भागाची वीस-बावीस मिनिटे धरली, तर जवळजवळ अडीचशे तासांचे चित्रण होते. म्हणजे अडीच तासांचे शंभर सिनेमे! त्यातल्या बहुतेक भागांत नायिका असतेच. बारा-बारा तासांची पाळी, सकाळी हाती पडणारी संवादांची पाने, एकच प्रसंग आधी सगळ्यांचा मिळून आणि मग एकेकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून पुन्हा पुन्हा करायचा, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी तितकेच ताजे आणायचे. सिनेमात नटीला आपल्या पात्राचा शेवट आधी ठाऊक असतो. मालिकेत तो लेखकालाही ठाऊक नसतो, कारण दर गुरुवारी टीआरपी येतो आणि कथा वळण घेते.

जान्हवीचे बाळंतपण असेच लांबत गेले आणि महाराष्ट्राने त्यावर भरपूर विनोद केले. कथेची ती चूक होतीच. पण त्या ताणलेल्या भागांतही तेजश्रीने पात्राचा तोल जाऊ दिला नाही. रोहिणी हट्टंगडींसारख्या अभिनेत्री समोर असताना ती आवाज चढवून प्रसंग जिंकायला गेली नाही. ऐकत राहिली. समोरच्याचे बोलणे मन लावून ऐकणारी नटी छोट्या पडद्यावर दुर्मीळ, आणि तिच्या अभिनयातले खरे बळ तेच आहे. नायक शशांक केतकरशी 2014मध्ये तिचे लग्न झाले आणि पुढे दोघे वेगळे झाले. या खासगी गोष्टीवर जितके लिहिले गेले, त्याचा चौथा हिस्साही तिच्या अभिनयावर लिहिला गेला नाही.

मालिका संपल्यावर 6 जानेवारी 2017 रोजी सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘ती सध्या काय करते’ आला. त्यात तन्वी ही व्यक्तिरेखा तीन वयांत दिसते. तरुण तन्वी आर्या आंबेकरने केली, तर संसारात रमलेली, शाळा-कॉलेजातल्या मित्राला बऱ्याच वर्षांनी भेटणारी तन्वी तेजश्रीने. अंकुश चौधरीसोबतच्या त्या भेटीत न बोललेले बरेच काही होते आणि तिने ते तसेच राहू दिले. रंगभूमीवर ती प्रशांत दामले यांच्यासोबत वसंत सबनीसांच्या ‘कार्टी काळजात घुसली’मध्ये उभी राहिली. दामल्यांच्या विनोदाच्या वेगाशी जुळवून घेताना कसलेले नटही दमतात. पुढे उमेश कामतबरोबर ‘असेही एकदा व्हावे’, 2021मध्ये शर्मन जोशीबरोबर हिंदी ‘बबलू बॅचलर’, 2024मध्ये ‘पंचक’ असे चित्रपट आले.

तरीही तिचे सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारले, तर उत्तर ‘अग्गंबाई सासूबाई’ हेच द्यावे लागेल. जुलै 2019मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत सून आपल्या विधवा सासूचे पुन्हा लग्न लावून देते. सासू-सुनेच्या भांडणांवर ज्या माध्यमाने वर्षानुवर्षे दिवस काढले, तिथे ही कथा धाडसाची होती. निवेदिता सराफ यांची भित्री, सोशिक आसावरी आणि गिरीश ओक यांचे अभिजित राजे यांच्याभोवती गोष्ट फिरत होती, आणि तेजश्रीची शुभ्रा त्या गोष्टीला पुढे ढकलणारी. लोकप्रियतेच्या शिखरावरून आलेल्या नायिकेने मधली जागा वयाने मोठ्या अभिनेत्रीसाठी मोकळी ठेवली. घरातल्या कडक आजोबांच्या भूमिकेत ठाण्याचे ज्येष्ठ रंगकर्मी रवी पटवर्धन होते. डिसेंबर 2020मध्ये त्यांचे निधन झाले. मार्च 2021मध्ये मालिका संपली. तिच्या पुढच्या भागात, ‘अग्गंबाई सूनबाई’त, शुभ्राची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली, तेव्हा प्रेक्षकांना तो बदल पचायला जड गेला.

2023मध्ये ती स्टार प्रवाहवर ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता झाली, 2025च्या सुरुवातीला त्या मालिकेतून बाहेर पडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुबोध भावेसोबत ‘वीण दोघांतली ही तुटेना’ घेऊन झी मराठीवर परतली. दर काही वर्षांनी वाहिनी बदलते, पात्राचे नाव बदलते, आणि प्रेक्षक तिच्यामागे जातो. मराठी दूरचित्रवाणीवर इतकी निष्ठा फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

ज्यांनी तिचे काम अजून पाहिलेले नाही, त्यांनी ‘अग्गंबाई सासूबाई’चे सुरुवातीचे भाग आधी पाहावेत, आणि नंतर ‘ती सध्या काय करते’.