सांगड

मुलांनो, पंढरपूरला भीमा नदी चंद्राच्या कोरीसारखे वळण घेते. म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. नदीला पुरेसे पाणी असले, की घाटाला होड्या लागतात आणि नावाडी यात्रेकरूंना विष्णुपदाकडे नेतात. अशा होडीत तुम्ही बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. कोणी एकदम उठून एका बाजूला गेले, की होडी त्या बाजूला कलते. लगेच नावाडी ओरडतो, "खाली बसा!"

असे का होते? दोन्ही पाय जुळवून उभे राहा आणि मित्राला खांद्यावर हलकेच ढकलायला सांगा. तुमचा तोल जाईल. आता पाय फाकवून उभे राहा. तेवढ्याच धक्क्याने तुम्ही हलणार नाही. होडीचेही तसेच आहे. एकटी अरुंद होडी लवकर कलते. पण दोन अरुंद होड्या काही अंतरावर ठेवून आडव्या वाशांनी पक्क्या बांधल्या, तर त्या सहज कलत नाहीत. एक बाजू दाबली गेली, की तिकडच्या होडीला पाणी वर लोटते आणि दुसऱ्या होडीचे वजन तोल सावरते.

दोन होड्या किंवा भोपळे असे जोडून केलेल्या साधनाला मराठीत 'सांगड' म्हणतात. दोन गोष्टींचा मेळ घालणे या अर्थी 'सांगड घालणे' असा वाक्प्रचारही आपण वापरतो. मालवणकडील होड्यांच्या एका बाजूला 'उलांडी' नावाचा लाकडी ओंडका आडव्या दांड्यांनी जोडलेला असतो. त्याचेही काम तोल सांभाळणे हेच.

इंग्रजीत जोडहोडीला 'कॅटमरान' म्हणतात. हा शब्द मूळचा तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो जोडहोडीला मिळाला. १८७६ साली न्यूयॉर्क येथील शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांची 'अमॅरिलिस' ही जोडहोडी इतरांच्या पुढे गेली. तेव्हा बाकीच्यांनी तक्रार केली आणि तिला बाद ठरवण्यात आले! शंभर वर्षांनी, १९७६ साली, जोडहोडी ऑलिंपिक स्पर्धेत आली. २०१६ पासून तेथील जोडहोडीत एक पुरुष आणि एक स्त्री मिळून शर्यत करतात.

जोडहोडी वेगवान का असते? तिची दोन्ही अंगे सडपातळ असतात, म्हणून ती पाणी सहज कापतात. तोलासाठी तिला तळाशी जड वजन लागत नाही. शर्यतीची 'होबी १६' ही होडी सुमारे पाच मीटर लांब असूनही तिचे वजन दीडशे किलोपेक्षा कमी असते.

अशी एखादी जुनी होडी अंगणात पडून आहे, असे समजा. ती पुन्हा पाण्यात कशी उतरवाल?

प्रथम तिचे अंग तपासा. नाण्याने जागोजाग हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला, तर तो भाग घट्ट आहे. भद्द आवाज आला, तर आतले थर सुटले आहेत. अशी जागा पूर्ण वाळवून, बारीक छिद्रांतून आत राळेसारखा चिकट पदार्थ भरतात आणि छिद्रे बुजवतात. ओल राहिली, तर हे काम टिकत नाही.

मग गळती शोधा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर तुम्ही बुडबुड्यांवरून शोधता ना? येथेही तेच. अंगावर साबणाचे पाणी लावून आत हळूच हवा फुंका. जेथे बुडबुडे येतील, तेथे भेग आहे.

आता डोलकाठी. उर्दूत तुम्ही तिला मस्तूल म्हणता. तिला समोरून एक आणि दोन बाजूंनी दोन अशा पोलादी तारांनी ताणून धरलेले असते. तारेवरून चिंधी फिरवा. चिंधी अडकली, तर आतील एखादा धागा तुटला आहे. अशी तार लगेच बदलावी. एक तार तुटली, की डोलकाठी माणसांच्या अंगावर कोसळते. डोलकाठी उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही पाहावे; कारण ती धातूची असते.

शीड म्हणजे तुमचे बादबान. उन्हाने त्याची शिवण कापडाच्या आधी कुजते, म्हणून शिवण ओढून पाहावी. दोन होड्यांमध्ये बसण्यासाठी ताणलेले कापड असते. त्याची दोरी नवी घालावी. शेवटी मागची दोन सुकाणू पाहावीत. ती एकमेकांना समांतर हवीत. त्यांच्या पुढच्या कडांतील अंतर आणि मागच्या कडांतील अंतर मोजा. दोन्ही सारखी नसली, तर होडीची गती कमी होते.

एवढे झाले, तरी पहिल्या दिवशी शर्यत नको. मंद वाऱ्यात, काठाजवळ, अंगात जीवरक्षक जाकीट घालून होडी चालवून पाहावी. जोडहोडी सहसा उलटत नाही. पण उलटलीच, तर सरळ करणे कठीण असते.

याच भीमा नदीवर उजनी धरणाचा मोठा जलाशय आहे. तेथे २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वारा शीड फुगवतो, तसाच तो होडी उलटवूही शकतो. म्हणून कोणत्याही होडीत पाय ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: आकाश कसे आहे, होडीत माणसे किती आहेत आणि प्रत्येकाला जाकीट आहे का. यांपैकी एकही गोष्ट ठीक नसेल, तर काठावरच थांबा. नावाडी हसला तरी हसू द्या.